बिनअक्रोडाचे गहू

दारिन्काने त्या वर्षी घरातला शेवटचा अक्रोडसुद्धा बाहेर काढला, आणि ही गोष्ट गावापासून लपून राहावी अशी तिची मुळीच इच्छा नव्हती. पोतंभर अक्रोड होते. मागच्या अंगणातल्या दोन झाडांचे, उन्हात वाळवलेले. ते तिने फेकले नाहीत, फेकणाऱ्यांतली ती नव्हेच. चार संध्याकाळ बसून स्वतः फोडले, स्वतःच्या मशीनमधून दळले आणि पिशव्या भरून शेजारच्या वुकोसावाच्या ओट्यावर नेऊन ठेवले.

"घे बाई, तुझे केक होतील. माझ्या घरात आता या मेल्यांचं तोंडही नको."

"नातीसाठी?" वुकोसावाने पिशवीत बोट घालून चाखलं. "इतकी मोठी झालीस दारिन्के, आणि सुनेला घाबरलीस."

"सुनेला कोण घाबरतंय!"

पण ती घाबरली होती. वसंतात बेलग्रेडला, वर्गातल्या कुठल्याशा पोराच्या वाढदिवसाला, सात वर्षांच्या इस्क्राने केकचा एक घास खाल्ला होता आणि तिचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं. दवाखान्यात दोन दिवस काढावे लागले. अक्रोडाची अ‍ॅलर्जी, असं डॉक्टर म्हणाले. दारिन्काने फोनवर ते ऐकलं तेव्हा आधी तिला राग आला. आमच्यात कुणालाच नव्हतं हो असलं काही, पोरीचा पणजोबा खिसे भरून अक्रोड घेऊन लढाईवर गेला होता. हे ती एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा सून नेवेना अगदी शांत आवाजात म्हणाली, "मग आई, यंदा स्लावाला आम्ही येत नाही."

स्लावा म्हणजे घरच्या संताचा दिवस. यांचा संत निकोला, ऐन डिसेंबरात आणि उपासाच्या महिन्यात येणारा. लग्न चुकलं तर चालेल, बारसं चुकलं तर चालेल, पण स्लावाला एकुलता एक मुलगा आणि एकुलती एक नात घरात नाहीत, हे गावाला सांगायचं कोणत्या तोंडाने? दारिन्का नरमली. अक्रोड गेले.

ते घालवणं सोपं नव्हतं, हे मात्र तिच्या बाजूने सांगितलं पाहिजे. उपासाच्या स्लावाला दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही. मासे, बीन्स आणि गोडात जे काही करायचं ते सगळं अक्रोडावर उभं. केकच्या थरांत अक्रोड, वड्यांत अक्रोड. आणि मुख्य म्हणजे झीतो, उकडून दळलेल्या गव्हाचा तो साखर घातलेला ढीग. दारात आलेला प्रत्येक पाहुणा आधी त्यातला चमचाभर तोंडात घालतो आणि मगच बसतो. त्यातही निम्मे अक्रोड. तिने सगळं बदललं. आलुबुखाराचा मुरंबा, सफरचंद, खसखस, भोपळा. झीतोसाठी नुसते गहू आणि मनुका. आदल्या रात्री गहू उकडून पांढऱ्या चादरीवर पसरले, सकाळपर्यंत खडखडीत वाळवले, आणि टेबलाच्या कडेला लोखंडी खिम्याचं मशीन आवळून दळायला घेतले. त्याआधी मशीनमधून शिळ्या पावाची कड फिरवली, कोरड्या फडक्याने पुसलं. झीतोच्या मशीनला पाणी लावायचं नसतं. ओलीचा थेंब राहिला की गहू दुपारपर्यंत आंबतात. हे तिच्या सासूने शिकवलं होतं, सासूला तिच्या सासूने.

सकाळी नेवेना आली ती हातात दोन वस्तू घेऊन. एक डबा, पोरीच्या जेवणाचा. दारिन्काने त्याच्याकडे असं पाहिलं की डब्यालाच लाज वाटावी. दुसरी, लहानशी लाल थैली.

"ही इथे खिळ्याला राहू द्या आई. डोळ्यांसमोर."

"देवाच्या तसबिरीशेजारी?"

"तिथेच. सगळ्यांना दिसेल अशी." नेवेनाने थैलीतल्या पेनासारख्या दोन जाडसर नळ्यांपैकी एक काढली. "हे निळं टोपण उपटायचं. हे केशरी टोक मांडीला, बाहेरच्या बाजूला, कपड्यांवरूनच. खट्ट वाजेपर्यंत जोरात दाबायचं आणि धरून ठेवायचं. ओठ सुजले, गांधी उठल्या, ओकारी, खोकला, आवाज बसला, असं काही एकदम दिसायला लागलं की विचार करत बसायचं नाही. आधी पेन, मग फोन, मग मला काय शिव्या घालायच्या त्या घाला. आणि तिला उठवून चालवायचं नाही. आडवी ठेवायची, पाय वर."

"मला कशाला सांगतेस? तू आहेस ना."

"मी आहे. तरी सांगते."

"कोंबडी कापते मी, बाई. पण पोरीला सुई..." दारिन्काच्या अंगावर खरंच काटा आला.

"कोंबडीपेक्षा सोपं आहे," नेवेना म्हणाली. ती हसली नाही. या मुलीच्या डोळ्यांखाली वसंतापासून काळी वर्तुळं होती, आणि सासूने ती पाहिली नव्हती असं नाही. पाहून ती म्हणाली होती, शहरातल्या बायका जेवत नाहीत नीट.

थैली खिळ्यावर तासभर राहिली. मग पहिले पाहुणे यायची वेळ झाली आणि दारिन्काला ती खुपायला लागली. संताच्या दिवशी, संताच्या शेजारी, दवाखान्यातली पिशवी! येणारा प्रत्येक माणूस विचारणार, घरात कोण आजारी आहे? तिने ती हळूच काढली आणि मागच्या खोलीत पलंगावर उशीपाशी ठेवली. तिथे कोणी जात नाही, असं तिच्या मनाने घेतलं.

त्या पलंगावर दर वर्षी पाहुण्यांचे कोट पडतात, हे तिला पन्नास वर्षं ठाऊक होतं.

दुपारपर्यंत घर भरलं. घराचा धनी ओब्राद, दारिन्काचा नवरा, रिवाजाप्रमाणे दारात उभा राहून सगळ्यांना आत घेत होता, आणि दारिन्का तबक पुढे करत होती. पाहुणा छातीवर क्रूसाची खूण करायचा, चमचा उचलायचा, झीतो तोंडात घालायचा आणि क्षणभर थांबायचा.

"हे काय, अक्रोड विसरलात?"

"नातीसाठी," दारिन्का म्हणायची. दहाव्या वेळेपासून तिला त्यात एक प्रकारचा मोठेपणा वाटायला लागला होता.

नेवेना मात्र पोरीमागे सावलीसारखी. गावात कोणी भेटलं की तीन मुके घेतात, आणि लहान पोर दिसलं की तेरा. प्रत्येक मुक्यानंतर नेवेना ओल्या रुमालाने इस्क्राचे गाल पुसत होती. वुकोसावाचे मुके पुसताना तर तिने दोनदा पुसले.

"विष आहे का गं माझ्या तोंडाला?" वुकोसावा सगळ्यांदेखत म्हणाली.

"अक्रोडाचा केक आहे, मावशी. तुम्हीच मघाशी सांगितलंत, चाखत चाखत केला म्हणून."

टेबलाभोवतीचे सगळे हसले. दारिन्काला धरणी दुभंगावी असं झालं. पाहुण्यांचे मुके पुसतात का कोणी?

जेवण वाढायच्या बेतात फोन आला. पोरीचा धर्मपिता, म्हणजे दिवसाचा सगळ्यांत मोठा पाहुणा, ज्याच्याशिवाय पहिला घास कोणी घेत नाही, तो टेकडीखाली बर्फात गाडी रुतवून बसला होता. मुलगा ओग्न्येन सकाळपासून प्रत्येक पाहुण्याबरोबर घोटभर राकिया, गावठी दारू, घेत आला होता, तेव्हा गाडी चालवायला उरली नेवेनाच. तो गाडी ढकलायला बरोबर निघाला. नेवेना दारात अडली. एक हात कोटात, एक बाहेर.

"पोरीलाही नेते."

"या थंडीत? वाऱ्यात?" दारिन्का म्हणाली. "पाच मिनिटांचं काम. मी काय परकी आहे?"

"आई, कोणाच्याही हातचं काही नाही. डब्यातलं फक्त."

"ऐकलं."

"पेन..."

"ऐकलं गं बाई, जा!"

गाडी गेली. इस्क्रा तबकापाशी येऊन उभी राहिली. झीतोच्या ढिगावर मनुकांचा क्रूस होता, त्याच्या एका कोपऱ्याकडे ती एकटक बघत होती. काही मागत नव्हती. मागितलं असतं तर कदाचित दारिन्काने नाही म्हटलं असतं.

"गंमतच आहे," वुकोसावा टेबलापाशी बसूनच म्हणाली. "जिच्यासाठी सगळ्यांचे गहू बिघडवले, तीच खात नाही."

दारिन्काने इकडे तिकडे पाहिलं. यात अक्रोड नाही. मी स्वतः केलंय. कोणाच्याही हातचं नाही म्हणाली ती, पण माझा हात कोणाचाही आहे का? संताच्या दिवशी घरच्या पोरीने झीतो तोंडाला लावायचा नाही? तिने कोरा चमचा घेतला, भरला, आणि इस्क्राच्या तोंडात दिला. पोरीने डोळे मिटून खाल्लं.

"गोड आहे, आजी."

"आहेच मुळी," दारिन्का म्हणाली. तिचा ऊर भरून आला. आणखी अर्धा चमचा दिला.

ती स्वयंपाकघरात माशांकडे वळली असेल नसेल, इस्क्रा तिच्या मागे येऊन उभी राहिली. जीभ बाहेर काढून दातांवर घासत होती.

"आजी, जीभ खाजतेय."

"साखर लागली असेल. पाणी पी."

पोर पाणी प्यायली आणि खोकली. एकदा, मग लागोपाठ. कोरडा, कुत्र्याच्या पिल्लासारखा खोकला. वुकोसावा उठून आली.

"वारं लागलं! बघा, पुढचं दार उघडं, मागची खिडकी उघडी. मधोमध पोर उभी!" तिने धाडकन खिडकी लावली, स्वतःच्या गळ्यातला लोकरी रुमाल काढून पोरीच्या गळ्याभोवती दोन वेढे दिले. "छातीला राकिया चोळ, घाम येऊ दे."

आणि दारिन्काने, दोन दारांमधल्या वाऱ्याला आयुष्यभर मरणापेक्षा जास्त भ्यालेल्या दारिन्काने, बाटली उचलली. तिला वाऱ्यावर विश्वास ठेवायचाच होता. वारं असेल तर ती सुटली. वारं नसेल तर तिने दीड चमचा भरवला होता.

"पोट दुखतंय," इस्क्रा म्हणाली. आवाज खरखरीत, म्हाताऱ्या बाईसारखा. "आजी, माझ्या घशात कोणीतरी बसलंय."

दारिन्काच्या हातातली बाटली टेबलावर आपटली. तिने पोरीच्या गळ्यातला रुमाल ओढून काढला. त्याखाली मानेवर, हनुवटीखाली, पित्तासारख्या लाल गांधी उठल्या होत्या. वरचा ओठ एका बाजूने फुगत चालला होता, तिच्या डोळ्यांदेखत.

"ओब्राद!" ती अशी किंचाळली की टेबलावरचे चमचे थांबले. "रुग्णवाहिका बोलाव! झोपवा तिला! पाय वर!"

"वारं..." वुकोसावा म्हणाली.

"वारं गेलं खड्ड्यात!"

ती मागच्या खोलीच्या दारात पोचली. पलंग दिसतच नव्हता. कोटांचा डोंगर होता तिथे. मेंढीच्या कातड्याचे, लोकरीचे, पावसाळी, एकावर एक, बाह्या बाह्यांत अडकलेल्या. अख्ख्या गावाचे कोट. आणि तळाशी कुठेतरी, उशीपाशी, ती लाल थैली.

तिने दोन्ही हातांनी उपसायला सुरुवात केली. कोट जमिनीवर, कोट कपाटावर. टोप्या उडत होत्या. कुणाच्या खिशातून किल्ल्या पडल्या, कुणाची बरणी फुटली. उशी कुठल्या बाजूला होती? खिडकीच्या की भिंतीच्या? देवा निकोला, खिडकीच्या की भिंतीच्या? बाहेरून पोरीच्या श्वासाचा आवाज येत होता, शिट्टीसारखा, आणि तो आवाज ऐकू येतोय तोवर बरं असं स्वतःला बजावत ती उपसत होती. मग आवाज येईना. मग पुन्हा आला. तिने ओल्या मेंढीच्या कोटाची बाही ओढली आणि उशी दिसली, उशीपाशी लाल कापडाचा कोपरा.

सोफ्यावर इस्क्रा आडवी होती. ओब्रादने तिचे पाय उशांवर ठेवले होते आणि तो फोनवर कोणाला तरी घराचा रस्ता सांगत होता, तिसऱ्यांदा, कारण त्याचं त्यालाच कळत नव्हतं तो काय बोलतोय. पोरीचे ओठ निळसर. डोळे उघडे, आजीवर लागलेले.

दारिन्काने नळी काढली. निळं टोपण चिमटीत येईना. शेवटी दातांनी उपटलं.

"नको!" वुकोसावाने तिचं मनगट धरलं. "अगं, काही झालं म्हणजे? तिची आई येऊ दे! तुझ्या हाताने पोर गेली तर तुला कोण माफ करेल?"

हेच दारिन्काच्या मनात होतं, शब्दन् शब्द. सुई चुकली तर? औषध जास्त झालं तर? त्या क्षणी तिला जितकी भीती वाटली तितकी नवरा लढाईवर गेला होता तेव्हाही वाटली नव्हती, आणि ती भीती पोर मरेल याची नव्हती, आपल्या हातून मरेल याची होती. मग इस्क्राने श्वास घ्यायचा प्रयत्न केला आणि तिचा गळा आत खोल गेला, आणि श्वास आला नाही.

दारिन्काने मनगट सोडवलं. केशरी टोक मांडीवर, लोकरी मोज्यावरूनच, टेकवलं आणि सगळ्या अंगाचा भार टाकला. खट्ट. पोर हबकली. दारिन्का धरून राहिली. किती वेळ धरायचं होतं? सांगितलं होतं, आणि तिने ऐकलं नव्हतं. आता काढू का, आता काढू का करत ती धरून राहिली, ओठांनी प्रार्थनेचे शब्द उलटसुलट म्हणत.

काढलं. काहीच झालं नाही. मुलगी तशीच. दारिन्का गुडघ्यांवर बसून त्या इवल्याशा छातीकडे बघत होती. संपलं, असं तिला वाटलं. आपण मारलं.

मग इस्क्राने एक लांब, फाटका, घरघरणारा श्वास घेतला. आणखी एक. आणि मग ती ओकली, सरळ आजीच्या सणाच्या झग्यावर. दारिन्काला आयुष्यात कशाचाच इतका आनंद झाला नव्हता.

नेवेना दारात आली तेव्हा बुटांना बर्फ होतं. तिने जमिनीवरचे कोट पाहिले, सोफा पाहिला, दारिन्काच्या हातातली रिकामी नळी पाहिली. पोरीपाशी गेली, तिची नाडी धरली, थैलीतलं दुसरं पेन हातात तयार धरून बसली. रुग्णवाहिका येईपर्यंत ती पोरीवरून नजर हटवायला तयार नव्हती, आणि दारिन्काला ते बरं वाटलं, कारण त्या नजरेसमोर उभं राहायची तिची ताकद नव्हती.

वाल्येवोच्या दवाखान्यात संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, वेळेवर झालं. पण इथेच ठेवू. औषधाचा असर उतरला की कधी कधी पुन्हा उसळतं. हे "पुन्हा" दारिन्काच्या कानात असं अडकलं की पुढचं तिला ऐकूच येईना.

"काय खाल्लं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्या गव्हातलं," दारिन्का म्हणाली. "दीड चमचा. पण त्यात अक्रोड नव्हते. एकही नव्हता."

"आई, मी सांगितलं होतं," नेवेना म्हणाली. आवाज चढला नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

"सांगितलं होतंस. मी दिलं. पण अक्रोड नव्हते. स्लावाची शपथ."

"वुकोसावा," ओग्न्येन दात खात म्हणाला. त्याची दारू केव्हाच उतरली होती. "तिचेच मुके. तिचेच हात. अक्रोडाचा केक केला, तोच हात पोरीच्या तोंडावर. तिनेच रुमाल गुंडाळला ना गळ्यात? आता त्या बाईला दारात उभं करणार नाही."

डॉक्टर खांदे उडवून म्हणाले, शक्य आहे, अगदी थोड्यानेही होतं. नेवेनाने मान डोलावली. सगळ्यांना उत्तर मिळालं होतं. दारिन्कालाही मिळालं होतं, आयतं. ती त्याला धरून बसली, भिंतीला टेकून, आणि म्हणाली, "हो ना. नेहमी चाटत असते बोटं."

अगदी थोड्यानेही होतं.

पोतंभर अक्रोड. चार संध्याकाळ. कोणत्या मशीनमधून दळले होते?

मशीनच्या आतला तो लोखंडी पेच, त्याच्या खाचा, तेलकट अक्रोडाचा चिकटा बसणाऱ्या. पावाची कड एकदा फिरवली की साफ, असं तिच्या सासूने सांगितलं होतं. तिने पावाची कड फिरवली होती. एकदाच. हे फक्त तिलाच ठाऊक होतं. ओग्न्येनला नाही, नेवेनाला नाही, वुकोसावालाही नाही. बोललं नाही तर कोणी कधी विचारणारसुद्धा नव्हतं. आणि बोललं तर? ही पोर पुन्हा तिच्या घरात पाऊल टाकणार नाही. सून टाकूच देणार नाही, आणि तिचं चुकेल असंही म्हणता येणार नाही.

पण मशीन तर घरीच आहे. पुढच्या वेळी...

"वुकोसावा नाही," दारिन्का म्हणाली. "माझं मशीन. तिला द्यायचे अक्रोड मी त्यातूनच दळले. मग त्यातूनच गहू काढले."

"धुतलं नाहीत?" नेवेनाने विचारलं.

"धुतलं तर गहू आंबतात. पावाच्या कडेने पुसलं."

मग नेवेना हळूहळू म्हणाली, जणू एकेक शब्द चाचपत, "दर उन्हाळ्यात तिच्यासाठी खिमा करायचात. मिरच्या भरायला. त्याच मशीनमधून?"

"हो."

"आणि रात्री तिचं पोट दुखायचं. तुम्ही म्हणायचात वारं लागलं."

"हो," दारिन्का म्हणाली. "म्हणायचे."

नेवेना उठली आणि बाहेर गेली. दारापलीकडून तिच्या रडण्याचा आवाज आला, आणि ओग्न्येन तिच्यामागे गेला. आईकडे न बघता.

दारिन्का पलंगाशी एकटी उरली. छाती वर, छाती खाली. ती मोजत नव्हती, नुसती बघत होती. पुन्हा उसळतं, म्हणाले होते. पोरीने कूस बदलली की दर वेळी ती वाकून तिचे ओठ बघायची.

इस्क्राने डोळे उघडले. ओठ अजून जाड होता. "आजी, भूक लागली."

शेजारच्या खाटेवरची बाई कधीची वाट बघत असावी. तिने लगेच पुडा पुढे केला. "घे राणी, बिस्किटं आहेत. साधीच आहेत हो, माझा नातू रोज खातो."

पोरीने हात पुढे केला. दारिन्काने पुडा मध्येच घेतला आणि डोळ्यांजवळ धरला. मागे मुंगीएवढी अक्षरं होती. चष्मा घरी, तबकाशेजारी.

"आजी, दे ना."

दारिन्काने जन्मात कधी पोराला खायला नाही म्हटलं नव्हतं. उपाशी पोर समोर असताना हात आवरायचा, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. तिचा हात पुड्याच्या कडेवर गेला, फाडायला.

"नाही," ती म्हणाली.

"एकच!"

"नाही."

इस्क्राने भोकाड पसरलं, त्या बसलेल्या आवाजात. शेजारची बाई म्हणाली, "कसली आजी हो तुम्ही? लहान पोर, एवढं आजारी."

दारिन्का पुडा छातीशी धरून बसली, पोर रडत होती आणि तीही रडत होती, पण पुडा सोडला नाही.

रडणं ऐकून नेवेना धावत आत आली. दारिन्काने तिच्यापुढे पुडा केला. "वाच."

नेवेनाने घेतला. सुजलेल्या डोळ्यांनी वाचायला लागली. "गव्हाचं पीठ. साखर. सूर्यफुलाचं तेल. मीठ."

"झालं?"

"थांबा." तिने पुडा दिव्याकडे वळवला. तळाशी आणखी बारीक एक ओळ होती. "याच यंत्रावर अक्रोडाचे पदार्थही बनवले जातात."

दारिन्काने आपल्या हाताकडे पाहिलं, मघाशी पुड्याच्या कडेवर गेलेल्या.

नेवेनाने पुडा शेजारच्या बाईला परत दिला, आभार मानून. मग जमिनीवरचा आपला डबा उचलला, त्यातून एक सफरचंद आणि लहान सुरी काढली आणि सासूच्या मांडीवर ठेवली. दारिन्काने सफरचंद उचललं. सुरीला हात लावला नाही.

"ही धुतलीय?"

"घरून धुवूनच आणलीय, आई."

"परत धू," दारिन्का म्हणाली.

नेवेनाने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग सुरी घेतली आणि नळाकडे गेली.